डोंगरी ब्लाऊज

हिंगणीच्या हरिदासला गळा आहे, याबद्दल गावात दुमत नव्हतं. त्या गळ्यातून जे निघतं त्याला गाणं म्हणायचं की नाही, याबद्दल मात्र होतं. भजनी मंडळाचं मत असं, की गाण्याला पेटी लागते, तबला लागतो, मागे टाळ कुटायला चार माणसं लागतात आणि मुख्य म्हणजे गाणं कुठेतरी संपावं लागतं. हरिदासचं गाणं संपतच नसे. एकतारीची एक तार, तिच्यावर एकच सूर, पायाच्या टाचेचा फळीवर ठोका आणि एकच ओळ उलटीपालटी करून तासभर. मंडळाच्या तबलजीने एकदा सगळ्यांदेखत निकाल दिला होता, "हे गानं नोहे बाप्पा, डुक्कर हाकलाची हाळी होय."

तबलजी अगदीच खोटं बोलत नव्हता. हरिदासचं शेत बोर धरणाच्या वरच्या अंगाला, जंगलाला चिकटून. तिथे पीक माणसाने पेरायचं आणि रानडुकरांनी खायचं अशी जुनी वहिवाट होती. ती मोडायची तर मचाणावर बसून जागल करावी लागे आणि जागल करायची तर डोळा लागू न देण्यासाठी काहीतरी करावं लागे. हरिदासचा आजा गात असे. एका हिवाळ्यात तो असाच मचाणावर असताना घरी आजी तापात गेली. सकाळी खाली उतरल्यावर त्याला कळलं. पुढच्या जागलीला त्याच्या गाण्यात एक ओळ नवी आली: तूर राखली, ज्वारी राखली, घर राखाचं राह्यलं.

ही ओळ हरिदासने आज्याकडून घेतली. गाताना तो तिची अशी काही वळणं काढी, की तेच शब्द दर वेळी वेगळ्याच दु:खाचे वाटत. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. देवाने एखाद्याला असं काही द्यावं आणि त्याच्या गावाला मात्र कान देऊ नयेत, असा प्रकार होता. पण हरिदासची तक्रार नव्हती, कारण त्या वर्षी त्याला गावापेक्षा मोठी आशा लागली होती. ती नाचणगावला राहत होती आणि तिचं नाव कांता होतं.

सोयरीक मामाने जमवली होती. बापूरावमामा म्हणजे लग्नं जुळवण्यात हयात घालवलेला माणूस. स्वत:चं कसं जुळलं हे त्याच्या बायकोलाही कोडं होतं, पण ते असो. मुलीचे वडील रूपराव पुलगावच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. पाहण्याच्या दिवशी कांताने चहा पुढे केला तेव्हा तिची नजर हरिदासच्या बोटावर पडली. बोटाला तारेचा घट्टा होता. तिने हळूच विचारलं, "हे काऊन झालं?"

"एकतारीनं," हरिदास म्हणाला.

"मंग आयकवा कवा तरी."

बस, एवढंच. पण त्या 'कवा तरी'वर हरिदास पुढचे दोन महिने जगला. आजवर त्याला ऐकवू नको असं सांगणारेच भेटले होते. ऐकव म्हणणारी ही पहिली. लग्न झालं की घराच्या ओसरीवर बसून तिला आज्याचं गाणं ऐकवायचं, हे त्याने मनात पक्कं केलं. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा दिवस ठरला. सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. तेवढ्यात अमेरिका मध्ये आली.

ही गोष्ट एकोणऐंशी सालातली. त्या काळी वर्ध्याकडे आश्रमात गोरी माणसं येत. येताना जीन पँट घालून येत आणि चार दिवसांत खादीचा सदरा घालून, नाक पुसत, सूत कातायला बसत. टॉम त्यातलाच. त्याचं सूत सारखं तुटे. वैतागून एके दिवशी तो पक्षी बघायला बोर धरणाकडे आला. सोबतीला दुभाषी म्हणून प्रभाकरराव. प्रभाकरराव सेलूला शाळेत इंग्रजी शिकवत आणि वर्ध्याच्या एका साप्ताहिकाचे वार्ताहर होते. इंग्रजीतला कुठलाही काळ ते झोपेतही चालवून दाखवत, पण ती भाषा बोलणारा माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता. टॉम बोलू लागला की प्रभाकररावांना वाटे, हा अशुद्ध बोलतो.

दुपारची वेळ. हरिदास मचाणावर बसून ज्वारीवरची पाखरं उडवत होता, म्हणजे गात होता. टॉम बांधावर थबकला. दुर्बीण गळ्यात तशीच लोंबत राहिली. थोड्या वेळाने त्याचा पाय आपोआप ठोका धरू लागला आणि हरिदासच्या लक्षात आलं, की हा माणूस नेमका जिथे आपटायला हवा तिथेच पाय आपटतो आहे. भजनी मंडळाच्या तबलजीला हे कधी जमलं नव्हतं. गाणं झाल्यावर टॉमने एकतारी मागून घेतली आणि तिच्यावर त्याच्या मुलखातलं काहीतरी म्हटलं. शब्द एक कळला नाही. पण कोणीतरी जागा आहे आणि त्याचं काहीतरी गेलं आहे, एवढं हरिदासला स्वच्छ कळलं.

टॉम प्रभाकररावांकडे वळून भराभरा बोलत सुटला. त्याच्या देशात डोंगराळ भागात शेतावर राबणारे काळे लोक असंच गातात, एकाच सुरावर, पाय आपटत, मनातलं दु:ख काढून टाकायला. त्याला हिल कंट्री ब्लूज म्हणतात. आणि ते इथे, या मचाणावर ऐकायला मिळेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. हे सगळं तो म्हणाला. प्रभाकररावांच्या हाती त्यातले तीन शब्द लागले. हिल म्हणजे डोंगर. कंट्री म्हणजे देश. राहिला तिसरा. त्यांनी तो मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला आणि त्यांचे कान लाल झाले. पुन्हा विचारावं तर इंग्रजीच्या मास्तराची अब्रू जाते. त्यांनी नुसतं "येस, येस, व्हेरी गुड" म्हटलं आणि घरी जाऊन बातमी लिहिली.

बातमी चौकटीत आली. 'हिंगणीच्या तरुणाच्या डोंगरी ब्लाऊज गीतांनी अमेरिकन पाहुणा मंत्रमुग्ध.' खाली मजकूर असा, की अमेरिकेच्या डोंगराळ भागात ब्लाऊजविषयक गीतांची मोठी परंपरा असून आपल्या जिल्ह्यातही ती जिवंत आहे, ही अभिमानाची बाब होय.

जिल्ह्याला अभिमान वाटला की नाही, देव जाणे. कान मात्र सगळ्यांनी टवकारले. सेलूच्या एका शिंप्याने 'डोंगरी ब्लाऊज शिवून मिळतील' अशी पाटी लावली. भजनी मंडळाने तातडीची बैठक घेऊन हरिदासचा निषेध केला आणि दुसऱ्याच दिवशी मंडळाचा तबलजी एकटाच मचाणाखाली येऊन खोकला.

"काय म्हन्ता?" हरिदासने वरून विचारलं.

"काई नाई. इकडूनच चाललो होतो." तिथून पुढे जंगलाशिवाय कुठेही वाट जात नव्हती. "बरं, थे म्हन ना."

"कोनतं?"

"आता नाटक नको करू, हरिदास. अमेरिकेले आयकोते अन् गाववाल्याईले नाई?"

हरिदास प्रभाकररावांकडे गेला. आपण असं काही गातच नाही, छापलेलं दुरुस्त करा, म्हणाला. प्रभाकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "इंग्रजी मी शिकवतो का तू? कोशात पाहून लिहिलंय. शब्द आहे." शब्द होताच. कोशात पाहायचं म्हटलं की काही ना काही सापडतंच. टॉमला विचारावं तर तो सूत अर्धवट टाकून काशीला निघून गेला होता.

आणि मग नाचणगावहून निरोप आला. साक्षगंध थांबवलं आहे. पोरीच्या बापाला घाणेरडी गाणी म्हणणारा जवाई नको.

गावाने हाळी म्हटलं तेव्हा हरिदासला राग आला होता; आता राग येईना, नुसती भीती वाटली. कांताने ती बातमी वाचली असेल. आपल्या बोटाचा घट्टा तिला आता कशाचा वाटत असेल? हा विचार त्याला मचाणावर बसू देईना. त्याने एकतारी काखेत मारली आणि मामाला म्हणाला, "चाल. मी त्याईले माहं गानं आयकोतो. मंग काय थे ठरवा म्हना."

बापूरावमामाने निरोप धाडला, तिकडून होकार आला, आणि पुढच्या रविवारी दुपारी दोघे नाचणगावला पोचले.

रूपरावांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. चारित्र्याची तपासणी म्हटल्यावर गावातली यच्चयावत वडीलधारी मंडळी कामधंदे टाकून आली होती. मधोमध गादीवर अण्णाजी बसले होते. अण्णाजी म्हणजे गावचं नीतीचं ठाणं. कोणाच्या घरी काय चुकतं हे त्या घराच्या आधी त्यांना कळे. त्यांनी आल्याआल्या हुकूम सोडला, "बायाईले आत पाठवा. असं काई त्याईच्या कानावर जाऊ नये." बाया मधल्या घरात गेल्या. दाराला बाहेरून कडी लागली. दाराच्या फळ्यांमधून बोट जाईल एवढ्या फटी होत्या, पण कडी लागली म्हणजे कान बंद झाले असं सगळ्यांनी मानलं. मग खिडक्याही लोटून घेतल्या आणि मंडळी एकमेकांना खेटून पुढे सरकली.

"हं," रूपराव कठोर चेहरा करून म्हणाले. "म्हना. काय होय थे आमाले पाहू द्या."

हरिदासने डोळे मिटले. या लोकांना काय वाटेल, हा विचार त्याने बाजूला सारला. दाराच्या पलीकडे ती आहे, एवढंच धरलं. तारेवर बोट पडलं. फरशीवर टाचेचा ठोका सुरू झाला. तूर राखली, ज्वारी राखली, घर राखाचं राह्यलं. त्याने ती ओळ एकदा सरळ म्हटली, मग मोडून म्हटली, मग 'घर' या शब्दावर इतका वेळ थांबला की पुढे तो जाईल की नाही असं वाटावं. आज्याचं ते सकाळी मचाणावरून उतरणं, अंगणात जमलेली माणसं, कोणी न सांगता कळलेलं, सगळं त्यात होतं. इतकं चांगलं तो मचाणावरही कधी गायला नव्हता. दाराआड बांगड्यांची किणकिण होत होती ती हळूहळू थांबली. पलीकडे कोणीतरी नाक ओढलं.

अलीकडे अण्णाजींनी जांभई दिली.

गाणं थांबलं. मंडळी थोडा वेळ वाट पाहत बसली. मग एकाने विचारलं, "हं, अन् ब्लाऊज?"

"याच्यात ब्लाऊज नाई," हरिदास म्हणाला. "तेच सांगाले आलो. माह्या गान्यात कुठीच नाई."

अशी निराशा नाचणगावने कधी पाहिली नव्हती. कोणी जेवण अर्धवट सोडून आला होता, एकाने तर बैल तसेच औताला ठेवले होते. आणि हाती काय, तर तूर आणि ज्वारी! ती तर घरीच होती. सगळ्यांत जास्त अण्णाजी दुखावले. "म्हन्जे अमेरिकनासमोर म्हन्ते अन् आमच्यासमोर साळसूदपना करते," ते रूपरावांना म्हणाले. "घानेरडं गानं परवडलं, पन लपवनारा मानूस नाई परवडत. आज गानं लपवून राह्यला, उद्या काय लपवीन?"

"बराबर हाय," मंडळी म्हणाली.

रूपरावांनी सुस्कारा टाकला. "मंग बापूरावजी, नाई जमाचं."

मामाने हरिदासचा दंड धरून त्याला कोपऱ्यात नेलं. मामा घामाघूम झाला होता. हातात आलेलं लग्न सुटणं म्हणजे त्याच्यासाठी घरातलं माणूस जाणं. "अबे, म्हन ना एखादं! तुले काय कठीन हाय? चार ओळी जोड."

"मामा, असं गानं मले येत नाई."

"येत नाई म्हन्ते! परवा बकरीवर जोडलं होतं ना उभ्या उभ्या? तसंच. पोरगी पायजे का गानं पायजे, ठरव. लगन झाल्यावर बस मंग तिले तूर-ज्वारी आयकवत जनमभर."

या शेवटच्या वाक्याने घात केला. हरिदासला ओसरी दिसली, कांता दिसली, ऐकव म्हणणारा तो आवाज ऐकू आला. आज चार ओळी म्हटल्या की पुढचं सगळं आयुष्य खरं गाणं म्हणायला मोकळं. हिशोब त्याला पटला. असले हिशोब माणसाला नेहमी घाईतच पटतात.

तो परत येऊन बसला. तार छेडली. आणि वाईट असं, की त्याला खरंच काही कठीण गेलं नाही. देणगीला चांगलंवाईट कळत नाही. मागितलं की ती देते. ठोका नाचरा झाला आणि तोंडातून ओळ निघाली:

नाचनगावची पोर गेली पुलगावच्या शिंप्याकडं,
माप घेता घेता त्याचं मापच झालं वाकडं!

बैठकीत एकदम जीव आला. 'नाचनगाव' त्याने केवळ ठोक्यात बसलं म्हणून घातलं होतं, पण तेच सगळ्यांना फार आवडलं. दुसऱ्या कडव्यात बटण आलं, तिसऱ्यात काज आलं, आणि चौथ्यात काय आलं ते सांगायची गरज नाही. अण्णाजींनी मांडीवर थाप मारली. कोणाची टोपी पडली ती कोणी उचलली नाही. आणि सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होते स्वत: रूपराव, घरात लग्नाची पोर असलेले, नाचणगावचे. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हरिदास गात होता आणि समोरची तोंडं बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं गाणं कोणीतरी मन लावून ऐकत होतं. त्याला आनंदही झाला. हे नंतर त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

"वा!" अण्णाजींनी उपरण्याने डोळे पुसले. "पोरगा गुनी हाय, रूपराव. मनात काई ठेवत नाई. माह्या मतं सोयरीक पक्की करा."

"पक्की!" रूपराव उठले. "अवो, साखर आना! जवायाचं तोंड गोड करा!" त्यांनी पुढे होऊन मधल्या दाराची कडी काढली आणि दार ढकललं.

दार उघडलं नाही. आतून दुसरी कडी होती.

"भागीरथाबाई! साखर आना म्हटलं!"

भागीरथाबाई ही रूपरावांची थोरली बहीण, म्हणजे कांताची आत्या. विधवा होऊन माहेरी आलेली, घरात तिचा शब्द चाले. तिचा आवाज फटीतून आला, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून. "रूपराव, कांता काय म्हन्ते थे सांगतो, आयका. ज्यानं पयलं गानं म्हटलं ना, तो पोरगा तिले पसंत हाय. त्याले ठेवा. अन् हा दुसरा कोन आनला बापूरावजीनं, त्याले चहा पाजा अन् वाटेले लावा."

मंडळी हसली. बायांना काही कळत नाही, हे त्यांना ठाऊकच होतं. बापूरावमामा लगबगीने दाराशी गेला. "अवो बाई, घोटाळा झाला तुमचा. पोरगा एकच हाय. दोन्ही गानी हरिदासनंच म्हटली!"

आतून कांताचा आवाज आला. तो हळू नव्हता.

"मले मालूम हाय."

आतली कडी निघाली. दार वीतभर उघडलं. भागीरथाबाईचा हात बाहेर आला, हातात चहाची कपबशी. कप उंबऱ्यावर ठेवून हात आत गेला आणि दार पुन्हा लागलं. रूपरावांचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं. ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. आपण कशावर टाळ्या पिटल्या हे त्यांना आत्ता उमगलं असावं, कारण त्यांनी हात पाठीमागे नेले. अण्णाजी मात्र व्यवहारी. "सोयरीक तं गेलीच," ते गादीवर रेलत म्हणाले, "मंग थे काजबटनाचं कडवं अजून एकदा होऊन जाऊ दे."

हरिदासला वाटलं, दारावर धावून जावं, आज्याची गोष्ट सांगावी, हे मी फक्त तुझ्यासाठी केलं म्हणून ओरडावं. पण तुझ्यासाठी काय केलं, याचं उत्तर त्याला देता आलं नसतं. ते नुकतंच अख्ख्या बैठकीने टाळ्या वाजवून ऐकलं होतं.

तो उठला आणि उंबऱ्यापाशी गेला. मामा म्हणाला, "घेऊ नको तो चहा, अपमान हाय आपला." हरिदासने कप उचलला. तो कोणासाठी आहे, याबद्दल त्याला काही शंका नव्हती. त्याने उभ्याउभ्या तो सगळा प्यायला, कप जागेवर ठेवला आणि पायात चपला घातल्या.